मॉरिशस: घरी क्रिओल, पुस्तक इंग्रजी आणि कागदावरची ‘मातृभाषा’ मराठी

दर्यावर्दी

मॉरिशसचं नाव निघालं की आपल्याकडे गणपतीची सार्वजनिक सुट्टी, झाकडी नाच आणि "तिकडे सरकारी शाळेत मराठी शिकवतात, बघा" एवढ्यावर गाडी थांबते. शिकवतात, हे खरंच आहे. पण ज्या चौकटीत ते शिकवलं जातं ती समजून घेतली की कौतुक जरा अडखळतं.

चौकट अशी. २००० च्या जनगणनेत घरी क्रिओल (बेटावरच घडलेली भाषा) बोलणारे ७० टक्क्यांच्या आसपास होते, २०११ ला ८४, २०२२ ला जवळपास ९०. भोजपुरी २००० ते २०११ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ वर आली. घरी फ्रेंच बोलणारे चारेक टक्के. घरी इंग्रजी बोलणारे एक टक्कासुद्धा नाहीत.

शाळेत मात्र पहिलीपासून गणित, विज्ञान, इतिहास-भूगोलाची पुस्तकं आणि परीक्षा इंग्रजीत. फ्रेंच सक्तीचा विषय. वर एक ऐच्छिक भाषा: हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी, आणि जानेवारी २०१२ पासून ‘क्रिओल मोरिस्यें’, म्हणजे मॉरिशसची क्रिओल. म्हणजे सहा वर्षांच्या पोरासमोर तीन भाषा, आणि बहुतेकांच्या बाबतीत तिन्हींतली एकही घरची नाही.

हे असं का झालं? १७१५ पासून बेट फ्रेंचांकडे. उसाच्या मळ्यांवर आणलेल्या गुलामांमध्ये अठराव्या शतकात क्रिओल घडली. शब्द बरेचसे फ्रेंच, व्याकरण तिचं स्वतःचं. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, पण शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे, धर्म, रीतिरिवाज राखले. मळेवाले फ्रेंच तिथेच राहिले. त्यामुळे कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रं आणि प्रतिष्ठा फ्रेंचमध्ये. १८३४ पासून भारतातून सुमारे साडेचार लाख गिरमिटिये (कराराने नेलेले मजूर) गेले. मराठी माणसं मुख्यतः कोकणातली, मुंबई बंदरातून. त्यांच्या भाषा घरात आल्या आणि दोन-तीन पिढ्यांत बहुतेक घरांत क्रिओलने त्यांची जागा घेतली.

माझा मुद्दा: २०१२ मध्ये क्रिओल शाळेत आली ती सगळ्या मुलांची शिकण्याची भाषा म्हणून नव्हे, तर मराठी-तमिळच्या रांगेतली आणखी एक ‘समाजाची’ भाषा म्हणून. सगळं घोडं तिथे पेंड खातंय असं वाटतं. जाणकारांनी लिहावं.

---

व्यवहारी

आकडे बरोबर आहेत, पण पालकांची बाजू सुरुवातीलाच मांडतो, नाहीतर धागा एकतर्फी होईल.

क्रिओलला विरोध करणारे पालक अडाणी नाहीत. त्यांचा हिशोब असा: (१) क्रिओल पोराला येतेच, शाळेत तास कशाला घालवायचे? (२) सहावीअखेरच्या परीक्षेत इंग्रजी, फ्रेंच, गणितावर पुढचं ठरतं. (३) बँक, हॉटेल, सरकारी नोकरी, परदेश, सगळीकडे इंग्रजी-फ्रेंच. (४) क्रिओलची दहावी-बारावी करून पुढे काय? यातला चौथा मुद्दा हवेतला नाही. २०१२ च्या पहिल्या तुकडीने २०१७ मध्ये सहावीची परीक्षा दिली, २०१८ पासून माध्यमिकला विषय सुरू झाला, पण नववीनंतर पुढे न्यायचा की नाही यावर बराच घोळ चालला. आपल्या मुलाने निवडलेला विषय मधेच रस्त्यात संपेल ही भीती असेल तर पालक तो निवडत नाहीत. कोणीच निवडणार नाही.

आणि शाळेनंतरची ‘लेसों’, म्हणजे खासगी शिकवणी, तिकडे घराघरात. जिथे शिकवणीला पैसे मोजले जातात त्याच विषयाला किंमत, हा सरळ व्यवहार आहे.

---

अनुस्वार

व्यवहारी, तुमचा (१) नंबरचा मुद्दा सगळीकडे निघतो, म्हणून त्यालाच आधी हात घालतो. ‘भाषा येते’ म्हणजे बोलता येते. वाचता येते का? वाचायला शिकणं म्हणजे ओळखीच्या आवाजाला चिन्ह जोडणं. आवाजच अनोळखी असेल तर मूल चित्र पाठ करतं. पुस्तक पान ७ वर उघडलं की घडाघडा म्हणतं, तोच शब्द फळ्यावर लिहिला की गप्प.

क्रिओलचं लेखन याला फार सोयीचं आहे. २००४ च्या ‘ग्राफी लार्मोनी’ अहवालाने वेगवेगळ्या पद्धतींचा मेळ घातला, २०१० मध्ये आकादेमी क्रिओल मोरिस्यें स्थापन झाली आणि २०११ मध्ये अधिकृत शुद्धलेखन आणि व्याकरण आलं. आर्नो कार्पूरां यांचा एकभाषिक कोश २००९ चा. म्हणजे "या भाषेला व्याकरण नाही, कोश नाही" हे वाक्य आता म्हणायची सोय उरलेली नाही, तरी म्हणतातच.

नियम थोडक्यात:

- एका आवाजाला एक खूण. फ्रेंचमध्ये ‘क’ साठी सी, क्यू, के असे तीन रस्ते; क्रिओलमध्ये फक्त के. शाळा म्हणजे ‘लेकोल’, एका शब्दात.
- न उच्चारली जाणारी अक्षरं नाहीत. फ्रेंच शब्दांच्या शेवटी मुकी अक्षरं लोंबत असतात, ती इथे गाळली.
- स्वरानंतर एक ‘एन’ आला तर स्वर नाकातला. दोन आले तर स्वर साधा आणि पुढे न स्पष्ट. एक एनचा ‘कां’ म्हणजे जेव्हा, दोन एनचा ‘कान’ म्हणजे ऊस. मुलं सगळ्यात जास्त इथे चुकतात, आणि जुन्या वळणाचे मोठेसुद्धा.

शिकवण्याचा क्रम: आधी पाच-सहा स्वर, मग ल, म, प, त, क, स, मग दोन अक्षरगटांचे शब्द, अनुनासिक त्यानंतर, दुहेरी एन सगळ्यात शेवटी. स्वर आणि अनुनासिक एकाच आठवड्यात घेतले की गोंधळ होतो, कारण ‘आ’ आणि ‘आं’ मधला फरक कानाला कळतो पण हाताला अजून जमत नाही.

दुसरी मोठी चूक: फ्रेंच वाचन त्याच सत्रात सुरू करणं. मग मूल फ्रेंचच्या वहीत ‘लेकोल’ क्रिओलसारखं लिहितं, गुण जातात आणि शिक्षक म्हणतात, "बघा, क्रिओलने फ्रेंच बिघडवलं." बिघाड वेळापत्रकात असतो. क्रिओलचं वाचन पक्कं होईपर्यंत फ्रेंच तोंडी ठेवायचं. मग दोन रकान्यांचा तक्ता करायचा: डावीकडे क्रिओल, उजवीकडे फ्रेंच, मुकी अक्षरं वेगळ्या रंगात. तक्ता भिंतीवर वर्षभर राहिला पाहिजे. एका तासात दाखवून गुंडाळून ठेवला तर उपयोग नाही.

---

कोकणकडा

@अनुस्वार, ‘ग्राफी लार्मोनी’च्या आधीही लिहीत होतेच की लोक. लेदिकास्यों पू त्राव्हायेर ही संस्था सत्तरच्या दशकापासून प्रौढांना क्रिओलमधून साक्षर करतेय, आणि त्यांची लेखनपद्धत थोडी वेगळी आहे (‘ऊ’ साठी एकच अक्षर, सरकारी पद्धतीत दोन). नाटककार देव विरासामी यांनी शेक्सपिअर क्रिओलमध्ये आणला. सरकार शेवटी जागं झालं.

---

अनुस्वार

बरोबर. आणि कॅथलिक शाळांनी प्राथमिकच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलांसाठी ‘प्रेव्होकबेक’ नावाचा वर्ग क्रिओलमधून चालवला, तोही २०१२ च्या आधी. पण त्यातली गोम बघा: क्रिओल कोणासाठी? नापासांसाठी. हेतू चांगला, पण भाषेवर ‘मागे पडलेल्यांची’ असा शिक्का आणखी गडद झाला. जिथे सगळ्यांना हवी तिथे ती फक्त दुरुस्तीच्या खोलीत वापरली.

---

गणितवेडी

माझा विषय गणित, म्हणून तेवढंच लिहिते. भाषेची झळ सगळ्यात आधी शाब्दिक उदाहरणात लागते.

एक नमुना घ्या. अलीजवळ ८ गोट्या, झांजवळ ५. अलीजवळ किती जास्त? इंग्रजी पुस्तकात ‘हाउ मेनी मोर’ असतं. इंग्रजी कच्चं असलेलं मूल वाक्यातून दोन आकडे आणि एक ओळखीचा शब्द उचलतं. ओळखीचा शब्द ‘मोर’, म्हणजे वाढ, म्हणजे बेरीज. उत्तर १३. हेच क्रिओलमध्ये "कोम्ये बूल अली एना प्लिस की झां?" असं विचारा, मूल बोटं मोजून ३ सांगेल. वजाबाकी येत होती, वाक्य येत नव्हतं. उत्तरपत्रिकेवर मात्र नोंद होते ती ‘वजाबाकी कच्ची’ अशी, आणि उपाय म्हणून आणखी वजाबाक्या दिल्या जातात.

यावर वर्गात करण्यासारखी तपासणी, पंधरा मिनिटांची:

१. तेच उदाहरण चार प्रकारे द्या: नुसते आकडे (८ − ५), क्रिओलमध्ये तोंडी, क्रिओलमध्ये लेखी, इंग्रजीत लेखी.
२. आकडे प्रत्येक वेळी बदला, रचना तीच ठेवा.
३. पहिल्यातच अडलं तर गणित कच्चं. दुसऱ्यापर्यंत जमलं, तिसऱ्यात अडलं तर वाचन कच्चं. फक्त चौथ्यात अडलं तर इंग्रजी.

तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. चौथ्यात अडणाऱ्या मुलाला पंधरा-वीस वाक्यसाचे शिकवले की पुरतं (‘किती जास्त’, ‘किती उरले’, ‘प्रत्येकी किती’, ‘एकूण’). त्याला पुन्हा पहाडे घोकायला लावणं म्हणजे वेळेची नासाडी.

दुसरी भानगड संख्यांची. क्रिओलने फ्रेंच संख्या घेतल्या. ७० म्हणजे ‘साठ-दहा’, ८० म्हणजे ‘चार-वीस’, ९२ म्हणजे ‘चार-वीस-बारा’. ऐकून लिहायला सांगितलं की ८०१२ असं लिहिणारी मुलं निघतात. इंग्रजीत नव्वद-दोन सरळ आहे. इथे मी उलट बाजूने बोलेन: स्थानिक किंमत शिकवताना इंग्रजी संख्यानाम खरोखर सोपं पडतं. मग ते वापरा, पण समजावणी क्रिओलमध्ये ठेवा आणि काड्यांचे दशक-जुडे हातात द्या. ९२ साठी नऊ जुडे आणि दोन सुट्या. नाव चार-वीस-बारा म्हणा की नाइन्टी-टू, जुडे नऊच.

(अवांतर: २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आलं तेव्हा आपल्याकडे काय गदारोळ झाला! आपलं ब्याण्णव ऐकून २९ लिहिणारी मुलं असतातच. फरक इतकाच की आपल्या मुलाला चूक समजावून सांगणारी भाषा घरचीच असते.)

---

व्यवहारी

गणितवेडी, पटलं. पण प्रत्यक्षात शिक्षक वर्गात क्रिओल बोलतातच ना? पुस्तक इंग्रजी, तोंडी क्रिओल-फ्रेंचची मिसळ, असंच चालतं असं सगळे सांगतात. मग माध्यम अप्रत्यक्षपणे क्रिओलच झालं की.

---

गणितवेडी

तोंडी समजावणं आणि लेखी तपासणं यात दरी पडते, तोच तर त्रास. मुलाला क्रिओलमध्ये समजलं, वहीत इंग्रजी वाक्य फळ्यावरून उतरवलं, परीक्षेत इंग्रजी वाक्य नवं आलं. उतरवणं म्हणजे लिहिणं नव्हे. शिवाय चोरून वापरलेल्या भाषेचं प्रशिक्षण कोणी देत नाही: ‘अपूर्णांक’, ‘बाष्पीभवन’, ‘परिमिती’ यांना क्रिओलमध्ये काय म्हणायचं हे प्रत्येक शिक्षक आपापलं ठरवतो. तिसरीत एक शब्द, चौथीत दुसरा.

---

दर्यावर्दी

आणि गंमत म्हणजे कायदा आड येतच नाही! १९५७ चे शिक्षण नियम सांगतात की तिसरीपर्यंत मंत्र्यांच्या मते मुलांना सगळ्यात योग्य असेल ती कोणतीही भाषा माध्यम म्हणून वापरता येईल; चौथीपासून इंग्रजी. म्हणजे सहा-सात दशकं दार उघडं आहे आणि आत कोणी जात नाही. चौथीच्या उंबरठ्यावर सगळं एकदम इंग्रजी होणार, हे माहीत असल्यामुळे पुस्तकं आधीपासूनच इंग्रजीत छापली जातात.

---

नकाशा

थोडा शेजार बघू. सेशेल्सची क्रिओल मॉरिशसच्या क्रिओलच्या जवळची बहीण. तिथे १९८२ पासून पहिलीत क्रिओल माध्यम आलं, वरच्या वर्गांत टप्प्याटप्प्याने गेलं. नंतर मात्र ते आक्रसलं. माध्यम म्हणून पहिली दोन वर्षं, मग इंग्रजी. लोकांना वाटतं प्रयोग फसला. मला तसं वाटत नाही, पण अर्धवट राहिला हे खरं. दोन वर्षांत वाचन जेमतेम हाताशी येतं; त्याचा पुढे आधार व्हायच्या आत भाषा काढून घेतली जाते. हैतीमध्ये १९७९ च्या सुधारणेने आणि १९८७ च्या राज्यघटनेने क्रिओलला जागा दिली, तरी प्रतिष्ठेच्या शाळा आणि परीक्षांवर फ्रेंचचाच वरचष्मा राहिला.

सेशेल्समध्ये तरी हे जमलं कसं? लोकसंख्या लाखाच्या आसपास, आणि ‘पूर्वजांची भाषा’ हा राजकीय प्रकार तिथे मॉरिशससारखा नाही. क्रिओल, इंग्रजी, फ्रेंच, तीनच.

---

पाटीपेन्सिल

नकाशा यांनी कळीचा शब्द वापरला: पूर्वजांची भाषा. मॉरिशसच्या जनगणनेत दोन वेगळे प्रश्न असतात, घरी काय बोलता आणि पूर्वजांची भाषा कोणती. दुसऱ्या प्रश्नाला मराठी म्हणणारा माणूस पहिल्याला बहुधा क्रिओल म्हणतो. राज्यघटनेत समाजगट आहेत (हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि उरलेले ‘सर्वसाधारण’), संसदेतल्या जागांचं काही वाटप त्यावर होतं. त्यामुळे भाषा ही गटाची पावती झाली आहे. शाळेत मराठी घेणं म्हणजे ‘आम्ही आहोत’ अशी नोंद.

या भाषांवर सरकारं पडली आहेत, हे इथे फारसं माहीत नसतं. १९९५ मध्ये प्राथमिकच्या परीक्षेतल्या क्रमवारीत पौर्वात्य (हिंदी, उर्दू, मराठीसारख्या) भाषांचे गुण धरायचे यासाठी घटनादुरुस्ती आणली, ती संसदेत अडली आणि निवडणूक लागली. सत्ताधाऱ्यांचा सपशेल पराभव झाला. त्याआधी १२ मार्च १९८३ ला सरकारी दूरचित्रवाणीवर राष्ट्रगीत क्रिओलमधून लागलं, त्यावरून उठलेल्या वादळातही आघाडी फुटली.

आता वेळापत्रक पाहा. ऐच्छिक भाषांचा तास सगळ्यांचा एकाच वेळी. वर्ग फुटतो: मराठीची मुलं एका खोलीत, तमिळची दुसऱ्या, क्रिओलची तिसऱ्या. भाषेचे शिक्षक वेगळे, वर्गशिक्षक वेगळे. म्हणजे मराठी घेतली तर क्रिओल लिहायला शिकता येत नाही, आणि क्रिओल घेतली तर मराठी सुटते. दर्यावर्दींचा मुद्दा इथे अक्षरशः घंटेला बांधलेला आहे. पालकाला विचारलेला प्रश्न ‘मुलाने कोणत्या भाषेतून शिकावं’ हा नसतोच. प्रश्न असतो ‘तुम्ही कोण’. मग क्रिओल मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या क्रिओल समाजाकडे राहते, आणि हिंदू घरातलं क्रिओल बोलणारं मूल क्रिओलमध्ये निरक्षर राहतं.

त्या समाजाची मागणी मात्र न्याय्य होती, हे विसरू नये. १९९९ ला गायक काया पोलीस कोठडीत मरण पावला आणि दंगली उसळल्या, त्यामागे अनेक वर्षांची उपेक्षा होती. सत्य आणि न्याय आयोगाच्या २०११ च्या अहवालातही क्रिओलचा विषय आहे.

---

कोकणकडा

म्हणजे आपण ज्याला ‘परदेशात मराठी जगवली’ म्हणतो ती तिथे मातृभाषा म्हणून नाही तर पूर्वजांची खूण म्हणून जगतेय. हे जरा टोचतं.

---

पाटीपेन्सिल

टोचू द्या, पण ‘मग मराठी बंद करा’ असा अर्थ काढू नका. ती परभाषा म्हणून, क्रिओलच्या आधाराने शिकवली तर उत्तम शिकवता येते. भारतातली ‘मातृभाषा’ची पुस्तकं किंवा तशा वळणाचे धडे वापरले की फसतं. पहिल्याच धड्यात ‘आजीने पुरणपोळी केली’ आलं तर क्रिओलभाषक मुलाला त्यातली क्रियापदाची जुळणी डोक्यावरून जाते.

ठळक अडचणी, जशा वर्गात येतात तशा:

उच्चार. क्रिओलमध्ये ‘श’ नाही. फ्रेंचचा श तिथे स झाला. म्हणून शाळा ‘साळा’ होते (ग्रामीण मराठी कानाला गोड लागतं, पण शुद्धलेखनात चूक). महाप्राण नाहीत, म्हणून ‘खा’ आणि ‘का’ एक. त-ट आणि ल-ळ भेद नाहीत. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ‘प-फ’ची जोडी म्हणायला लावायची, फ ला पट्टी हलते. ळ साठी जिभेचं टोक मागे वळवून दाखवायचं आणि फक्त शब्दाच्या मध्ये आणि शेवटी द्यायचा: बाळ, फळ, काळा. ‘जहाज’मधला दंततालव्य ज मात्र त्यांना पटकन येतो, कारण ‘मांझे’मधला झ जवळचा आहे.

सर्वनाम. क्रिओलमध्ये ‘तो’ म्हणजे तू, आणि ‘ली’ म्हणजे तो किंवा ती, दोन्ही. मूल "तो ये" म्हणतं तेव्हा त्याला तू म्हणायचं असतं. आदरासाठी क्रिओलमध्ये वेगळा ‘ऊ’ आहे, त्यामुळे तू आणि तुम्ही हा भेद मात्र सहज समजतो. तिथूनच सुरुवात करावी.

लिंग. हा खरा डोंगर. क्रिओलमध्ये व्याकरणिक लिंग नाही, क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही. काळ दाखवायला आधी छोटा शब्द लागतो: ‘मो ती मांझे’ खाल्लं, ‘मो पे मांझे’ खातोय, ‘मो फिन मांझे’ खाऊन झालं, ‘मो पू मांझे’ खाणार. मराठीत तेच शेवटाला लागतं आणि वर लिंगही सांभाळतं. उपाय: पहिल्या वर्षी ‘आला-आली-आलं’ या एकाच क्रियापदावर थांबा, तीन रंगांच्या चिठ्ठ्या करा, प्रत्येक नाम शिकवताना रंगासकट शिकवा. ‘खाल्लं-खाल्ला’ची कर्मणी रचना दुसऱ्या वर्षाच्या आधी आणू नका. आणली की मूल सगळीकडे ‘मी’ला ‘ने’ लावत सुटतं.

हे सगळं समजावताना शिक्षकाने क्रिओल वापरायची लाज धरू नये. आणि मुलाला क्रिओलचं व्याकरण आधी लेखी माहीत असेल तर हे काम निम्म्याने हलकं होईल. म्हणून मराठीच्याच भल्यासाठी क्रिओलचा तास सगळ्यांना हवा.

---

व्यवहारी

हा शेवटचा मुद्दा मला नवीन आहे, मान्य. पण तास कुठून आणायचा? दिवस तेवढाच.

---

नकाशा

इथे आपल्याकडचा २०२५ चा तिसऱ्या भाषेचा वाद आठवतोय. एप्रिलच्या शासन निर्णयात पहिलीपासून हिंदी, जूनअखेर निर्णय मागे. दोन्ही बाजूंना मॉरिशसचं उदाहरण दाखवायला हवं होतं. तिथे पहिलीपासून तीन भाषा आहेतच!

---

कोकणकडा

नकाशा, राजकारणाचा धागा वेगळा आहे, इथे नको. त्यापेक्षा गोव्याची तुलना जास्त जवळची. १९९० च्या धोरणात अनुदान फक्त मातृभाषेतल्या प्राथमिक शाळांना. चर्चच्या शाळांनी देवनागरी कोंकणी माध्यम घेतलं, घरी रोमी लिपीतली कोंकणी वाचणारे पालक त्यावर नाराज. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान मिळालं आणि वाद उलट्या दिशेने पेटला. लिपी, माध्यम आणि समाज एका पेटीत कोंबले की असंच होतं.

आणि क्रिओलसाठी हिंदी महासागर ओलांडायची गरज नाही. रेवदंड्याजवळ कोर्लई गावात ख्रिस्ती कुटुंबं पोर्तुगीज क्रिओल बोलतात, आपल्या रायगड जिल्ह्यात. मुलं शिकतात मराठीतून. तिथल्या मुलांसाठी शाळेत दाखल होण्याआधीच्या वर्षात दोन भाषांचं शब्द-चित्र पुस्तक का नसावं?

---

अनुस्वार

कोर्लईत बोलणारे हजाराच्या आसपास, आणि मराठी मुलांना लहानपणापासून कानावर असते. तिथे माध्यमाचा प्रश्न मॉरिशसइतका कठीण नाही. तिथे भाषा टिकवण्याचा आहे. दोन्ही एका मापाने मोजू नयेत. पण चित्रपुस्तकाची कल्पना चांगली आहे, देवनागरीतच काढावं. अनुनासिकांसाठी अनुस्वार तयारच आहे (माझी जाहिरात समजू नये).

---

दर्यावर्दी

व्यवहारींच्या तासाच्या प्रश्नाकडे परत येतो, तो टाळून चालणार नाही. वेगळा तास काढायची गरजच नाही, असं माझं म्हणणं. पहिली ते तिसरीत गणित आणि परिसराचे तास आहेतच. त्यांची पुस्तकं द्विभाषिक करा. डाव्या पानावर क्रिओल, उजव्या पानावर तेच इंग्रजीत, चित्र आणि पानांचा क्रम एकच. क्रिओलचं वाचन तिथेच होतं, ऐच्छिक भाषेच्या तासाला हात लागत नाही, मराठीवाल्यांना मराठी सोडावी लागत नाही.

---

गणितवेडी

चालेल, पण दोन अटी. एक, डावं पान आधी शिकवायचं आणि चाचणीतही ते असलं पाहिजे. नाहीतर शिकवणीवाले फक्त उजवं पान घेतील आणि डावं पान कोरं राहील. दुसरी, चौथीत एकदम उडी नको. तिसरीत प्रश्न इंग्रजीत आणि उत्तर कोणत्याही भाषेत चालेल, चौथीत उत्तर इंग्रजीत पण अवघड शब्दांची क्रिओल यादी प्रश्नपत्रिकेच्या शेवटी, पाचवीत यादी काढून टाकायची. आणि परिभाषा आधी ठरवा. पहिली ते तिसरीच्या गणिताला शंभर-सव्वाशे शब्द पुरतात. पुस्तक छापायच्या आधी ती यादी शिक्षकांच्या हातात हवी.

---

पाटीपेन्सिल

शिक्षक कोण शिकवणार हेही लिहा. आज क्रिओल लिहायला शिकलेले आहेत ते क्रिओल विषयाचे शिक्षक. गणित शिकवतात वर्गशिक्षक, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना दुहेरी एनचा नियम माहीत नसेल. रेद्वीच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत वर्गशिक्षकांसाठी निदान शुद्धलेखनाचा छोटा पाठ सक्तीचा केला तरच डावं पान वाचलं जाईल. आणि तो पाठ मराठी, तमिळ, हिंदीच्या शिक्षकांनाही द्यावा. ते मोका गावी, महात्मा गांधी संस्थेत तयार होतात, तिथे घेता येईल.

---

व्यवहारी

हे असं पुस्तक पालकांना दाखवलं तर विरोध कमी होईल असं वाटतंय, कारण इंग्रजी कुठे गेलेलं नाही. फक्त मुखपृष्ठावर ‘क्रिओल’ ठळक छापू नका. ‘गणित, पहिली’ एवढंच छापा.